कंपनीसाठी गाऱ्हाणं

आमच्या गावाचे निर्णय गावात होत नाहीत, मुंबईत होतात. गणपतीला आणि शिमग्याला चार दिवस जाणारे चाकरमानी घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसतात आणि बारा महिने गावात राहणाऱ्यांचं ठरवतात. ह्याला मंडळ म्हणतात. मला त्याची चीड येते, आणि ती मी लपवत नाही.

गेल्या मीटिंगचा विषय होता सडा. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. पाऊस तिथे मुरतो आणि खाली विहिरींना पाणी येतं. खाण कंपनीने त्याचा एक कोपरा आधीच फोडलाय. तेव्हापासून माझ्या काकीच्या विहिरीत पाणी कमी, लाल गाळ जास्त. आता कंपनीला उरलेला सडा हवा होता, आणि त्यासाठी मंडळाचं 'हरकत नाही' असं पत्र. ते अडवायला काकी गावाहून आली, वाकोल्याला आमच्याकडे उतरली.

कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसातून सीएसआरचा साहेब आला होता. पडद्यावर हसरी पोरं, शिलाई मशीन, 'शाश्वत विकास'. आणि गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र! आधी घाण करा, मग गाळणी वाटा, वर टाळ्याही घ्या.

मग अध्यक्ष, म्हणजे घाटकोपरलाच राहणारे बाबांचे चुलत भाऊ, उठले. आमच्यात कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घालून सुरू होतं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी हो म्हणायचं. काय मागितलं ते कोण ऐकतंय?

"बा देवा म्हाराजा, ह्या कंपनीची भरभराट कर!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या कामातली विघ्नां दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खा हॉल. ज्यांच्या आया त्या सड्याखाली राहतात तेसुद्धा. साहेब खूश. मोबाइल काढून म्हणाला, "काका, झकास! परत एकदा घ्या ना, रेकॉर्ड करतो."

"थांबा, आता मी घालतंय," म्हणत काकी उठली. पदर खोचला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, जो कोण आमच्या बावीत लाल चिखल घालता, तेका तोच चिखल तांब्याभर पाज!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने गेलंच तोंडातून.

"जो कोण गावच्या पाण्याचो सौदो करता, तेच्या घाटकोपरच्या नळाक थेंब येवचो नाय असा कर!"

निम्मे गप्प झाले. उरलेले दुप्पट ओरडले.

"वयनी, असा गाऱ्हाणा असता काय?" अध्यक्ष भडकले.

"तुमचा तसा असता, तर माझा असा असता."

साहेबाचा मोबाइल केव्हाच खिशात गेला होता. पत्रावर सही झाली नाही. देवासमोर शब्द गेला, आता कोणाची छाती? पण दाराशी अध्यक्ष साहेबाला सांगत होते ते मी ऐकलं. "पुढच्या मीटिंगला बघू. फक्त पुरुषांची ठेवू." हा ह्यांचा विकास! जाणार आहे मी त्या मीटिंगला. अडवून दाखवा.

घरी मी नाचतच आले. काकी म्हणाली, "चेडवा, सही नाय झाली म्हणान जुनी खाण बंद झाली काय?"

सकाळी ती आमच्या नळावर रिकाम्या बाटल्या भरत बसली होती. पिशवी उचलवेना.

"काकी, प्रवासात एवढं पाणी लागतं?"

"प्रवासाक नाय गो. घराक."