नव्या कॅमेऱ्याने फ्लेक्सचे डोळे शोधले

मंडळी, आज डोकं फिरलंय.

चाळीसगावच्या लग्नात नवा मिररलेस कॅमेरा पहिल्यांदा वापरला. जुन्यावर फोकस मी हाताने धरायचो. हा म्हणे माणसाचे डोळे आपोआप शोधतो.

अंतरपाट खाली आला. नवरा-नवरीचे डोळे मुंडावळ्यांच्या माळांआड होते. मग कॅमेऱ्याने मागच्या फ्लेक्सवरच्या त्यांच्याच फोटोतले डोळे धरले. जोडपं धूसर आणि फ्लेक्स लख्ख.

नवरीच्या आबांनी स्क्रीन बघितली. "भाऊ, मांगना फ्लेक्स मस्त उना. पन आमनी पोर कोठे शे?"

अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही.

फ्लेक्सवरचा तो फोटो मीच जुन्या कॅमेऱ्याने काढला होता. नवा घेताना तोच एक्स्चेंजला देऊन टाकला.

असला शहाणपणा तुमच्यापैकी अजून कुणी केलाय का?