टीव्हीत न आलेले हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, भावाला नाही. देवळात एकटा बसलेलो तेव्हा देवालाही नाही. जिला सांगायला हवं होतं ती यमुनी, माझी बायको, ती तर गेली. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की बूड टिकत नाही. हे एवढं लिहीपर्यंत दोनदा उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो. पोराचं घर वर्तकनगरला आहे, गॅलरी एवढीशी, फिरणार तरी किती? यमुनी गेल्यापासून हे असंच. बसलो की उठावंसं वाटतं, आणि उठलो की कुठं जायचं ते कळत नाही.

त्यात घरात केबल आली. सून एक कार्यक्रम लावते. गावोगावचं खाणं, आणि ते करणारी माणसं. चांगला असतो, खोटं कशाला बोलू? पण त्यात सारखे हात दाखवतात. मळणारे, तळणारे, पडदाभर मोठे हात. हात आले की मी उठतो. सून म्हणते, "बाबा, बसा ना, आत्ता तर रंगात आलंय." मी म्हणतो, तंबाखू खाऊन येतो. तंबाखू सोडून मला वर्षं झाली, हे तिलाही ठाऊक आहे. 

आमचं मूळ घर डोंबिवलीत, खाडीच्या अंगाला. आम्ही आगरी. ऐंशीच्या सालांत बाहेरगावची पोरं कंपन्यांत कामाला आली, ती आमच्याकडे जेवायची. खानावळ म्हणायचं, पण पाटी-बिटी नव्हती. यमुनी आत रांधायची, मी ओट्यावर वाढायचो. ती कधी बाहेर आली नाही. का? तर तिच्या हातांवर कोड होतं. पोर झाल्यावर एका बोटावर पांढरा ठिपका आला, आणि बघता बघता दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले. नौपाड्यातल्या डॉक्टरला दाखवलेलं. तो म्हणाला, हे लागत नाही, याच्यानं कुणाला काही होत नाही. मी तिथंच बसलेलो, माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्यात तांदळाची भाकरी हातावर करतात. परातीत थापायची नाही. पाण्याचा हात घ्यायचा, आणि या तळव्यावरून त्या तळव्यावर थापत थापत वाढवायची. लग्न असलं की गावच्या बायका मांडवामागं चुलींची रांग लावून बसतात, भाकऱ्या करतात, गाणी म्हणतात, एकमेकींची उणीदुणी काढतात. त्या रांगेत माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची वैनीही बसायची, पण यमुनीची भाकरी सगळ्यात पातळ. पण हात पांढरे झाल्यावर तिला कुणी रांगेत बसवेना. वाईट बोललं का कुणी? नाही. "यमुने, तू तांदूळ निवड गो," एवढंच. ती लांब बसून तांदूळ निवडायची. मी बघायचो. आणि बघून गप्प बसायचो.

मग एक दिवस टीव्हीवाल्या बाई आल्या. त्यांना खाडीकाठच्या जेवणावर आणि ते करणाऱ्या माणसांवर फिल्म काढायची होती. आमच्याकडं जेवणाऱ्या कुणी यमुनीच्या भाकरीचं नाव सांगितलेलं. मी "अहो, इथं बाहेर बसा" म्हणेपर्यंत बाई आत गेल्या आणि चुलीपुढं मांडी घालून बसल्या. यमुनीनं हात पदराखाली घेतले. पण भाकरी तव्यावर होती, उलटायला तर लागणार. बाईंनी हात बघितले. बघितले, आणि भाकरी मागितली. यमुनीच्या हातातनं घेतली, चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, कालवणात बुडवली आणि तिथंच खाल्ली. कालवण कोपरापर्यंत ओघळलं तर स्वतःच हसत सुटल्या.

त्या गेल्यावर यमुनी मला म्हणाली, "बाई बरी हाय. माझ्या हातातनं घेतलंन."

किती वर्षांनी तिचं तोंड तसं फुललेलं बघितलं! दुसऱ्या दिवशी कॅमेरा येणार होता. तिनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं, चूल सारवायला घेतली. आणि मी? मी खाडीच्या बांधावर येरझाऱ्या घालत होतो. कारण जाताना जीपपाशी बाई मला एक गोष्ट बोललेल्या — थांबा, पाणी पिऊन येतो.

बाई म्हणालेल्या, "भाऊ, भाकरी थापताना मला त्यांचे हात अगदी जवळून घ्यायचेत. आहेत तसे. तुमची हरकत नाही ना?"

मी म्हटलं, "हरकत कसली?"

आणि मग बांधावर चालता चालता माझ्या डोक्यात नुसता भुंगा. ते हात टीव्हीवर. सगळं गाव बघणार, सोयरे बघणार, जेवणारी पोरं बघणार. खानावळ बसेल, असं मी मलाच सांगत होतो. खानावळीवर ढकललं की सोपं होतं. पण खरं बोलायला बसलोय ना? मग खानावळीचं नव्हतंच ते. 'याची बायको अशी' असं लोकांनी म्हणायचं, ते मला नको होतं. एवढंच. बाईंना सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती. यमुनीला 'मला लाज वाटते' म्हणायची तर त्याहून नव्हती.

मग मी काय केलं? घरी आलो. ती चूल सारवत होती. मी म्हटलं, "बाईंचा निरोप आहे. तुझे हात नको म्हणाल्या. टीव्हीवर बघून लोकांना शिसारी येईल, म्हणाल्या. वैनीला बसवा म्हणाल्या."

झालं. लिहिलं एकदाचं. जे बाईंच्या मनातही नव्हतं ते मी त्यांच्या तोंडी घातलं, आणि माझ्या बायकोच्या कानात ओतलं.

यमुनीचा हात थांबला नाही, पोतेरं फिरतच होतं. खाली बघून म्हणाली, "आत्ताच तर खाल्लंन तिनं."

मी म्हटलं, "तोंडावर कोण बोलतं?"

सारवून झाल्यावर म्हणाली, "मी सकाली दिव्याला जाते, आयशीकडं. मी समोर असले तर तिला बी कसनुसं होल."

कळलं का तुम्हाला? मी तिला तसं बोललो, आणि ती त्या बाईंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून घर सोडून माहेरी निघाली. निघायच्या आधी मसाला वाटून चिंबोऱ्यांचं कालवण करून ठेवलं. वैनीचं कालवण पातळ होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी म्हटलं, बायकोची आई आजारी पडली, ती दिव्याला गेली. बाई म्हणाल्या, "मग आम्ही थांबतो, चार दिवसांनी येऊ." मी म्हटलं, नको, ती कधी परत येईल त्याचं काही खरं नाही. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. वैनी तोंडाला पावडर लावून तयारच होती. तिच्या भाकरीला कडेनं चिरा पडत होत्या. पडल्या की कॅमेरावाल्यावर डाफरायची, "तुझ्या लायटीनं सुकली रं माझी भाकर, बंद कर ती!" सगळे हसले. मीही हसलो.

फिल्म लागली तेव्हा भावाच्या घरी गल्ली जमली. यमुनी मागं उंबऱ्यात बसलेली. पडदाभर वैनीचे हात, हिरव्या बांगड्या. मग कालवणाचं भांडं दिसलं, आणि टीव्हीतून बाईंचा आवाज आला, की हे जेवण यमुनाबाईंचं, त्या आज घरी नाहीत, पण चव त्यांच्या हातची आहे.  पोरं ओरडली, "काकीचं नाव आलं! काकीचं नाव आलं!" मी मागं वळून बघितलं. वाटलं, आता हिला कळणार.

यमुनी म्हणाली, "दया आली असंल."

तेव्हा बोलता आलं असतं. घर भरलेलं होतं, पण घरी जाताना रस्ता तर रिकामाच होता ना? मी तिच्या पुढं पुढं चाललो.

जेवणाऱ्यांतला एक सातारकडचा पोरगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, काकींचेच हात दाखवायला हवे होते. वैनींना कुठं जमतंय?" मी दचकलो. म्हटलं, तू कधी बघितलेस? तो म्हणाला, "मागच्या दारी हात धुवायला जातो की आम्ही. सगळ्यांनाच ठाऊक आहे." सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे जेवत होते. लपवत कोण होतं, कुणापासून?

त्यानंतर यमुनीनं कुणाच्या हातात काही दिलं नाही. ताट खाली ठेवायची आणि सरकवायची. कुणी जेवणाची वाखाणणी केली तर म्हणायची, "तोंडावर कोण बोलतं?" माझंच वाक्य, माझ्याच घरात. नातवाला पहिला दहीभात भरवायचा होता तर तिनं चमचा मागितला. सून म्हणाली, "आई, हातानंच भरवा ना." यमुनी नुसती हसली, आणि चमच्यानं भरवलं. मी शेजारी बसलेलो.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडलेली. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. तिनं एकाएकी विचारलं, "ती टीव्हीवाली बाई. तिला खरंच शिसारी आलेली का वो?"

इतक्या वर्षांनी! म्हणजे ती इतकी वर्षं तेच घोळवत होती. माझ्याकडं बघत होती, थेट. आता तर लाजायला कुणी नव्हतं. गाव मागं राहिलेलं, खानावळ कधीच बंद झालेली. एक 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "हो."

तिनं मान हलवली. म्हणाली, "तरी मना ती बाई आवडलेली."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.