मोजे काढ, मग पत्ते वाट

आमच्या बायकोच्या धाकट्या मामांसमोर शहाण्या माणसाने अनवाणी बसू नये. बसलात, तर तुमच्या पोटातलं सगळं त्यांना कळलंच म्हणून समजा! मी महाडच्या कोर्टात कारकून. दिवसभर शपथेवर खोटं बोलणारी माणसं बघतो, पण कोण खरं नि कोण खोटं हे मला आजतागायत ओळखता आलेलं नाही. मामा शिवथरच्या खोऱ्यात भात लावतात आणि तीन पत्ती खेळताना समोरच्याच्या तोंडाकडे ढुंकूनही बघत नाहीत. बघतात ते पायाच्या अंगठ्याकडे. "तोंडाला खोटं बोलाय शिकवतात रे, अंगठ्याला कोन शिकवतो?" मांडी घालून बसलेल्याला भारी पानं आली की त्याचा अंगठा ताठ उभा राहतो, असा त्यांचा सिद्धांत. तो उभा दिसला की मामा मुकाट्याने पत्ते टाकून 'पॅक' म्हणणार, मग स्वतःकडे राजांची जोडी का असेना. आडवा दिसला, तर नुसत्या नव्वीवर समोरच्याला घाम फोडणार. मुंबईचा एक भाचा एकदा पायांत मोजे घालून खेळायला बसला, तर मामांनी पत्त्यांचा कॅटच मांडीखाली घेतला. "मोजे काढ, मग पत्ते वाट!"

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात तर त्यांनी कहर केला. मी पोहे खातोय, आणि हे गृहस्थ टक लावून माझ्या पायांकडे बघतायत! मग सगळ्यांसमोर निकाल दिला, "पोराला पोरगी पसंत हाय. पण नोकरी सांगतो तेवढी पक्की नाय." मी पोह्यांची बशीच खाली ठेवली हो! नोकरी तेव्हा खरंच तात्पुरती होती. तरी मुलगी दिली, हे त्यांचे उपकार.

अशा या माणसाचा सख्ख्या थोरल्या भावाशी अबोला होता. बांधावरच्या फणसावरून सुरू झाला, पुढे फणस वठला, पण अबोला हिरवागार. घरं समोरासमोर, अंगण एक, आणि बोलणं काय ते गौरी-गणपतीत, तेही पत्त्यांतलंच. 'चाल', 'शो', 'पॅक'. घराण्याचा गणपती एकच, तो मामांकडे बसायचा, म्हणून थोरले मामा वर्षातून तेवढे यायचे.

त्या वर्षी गौरीजेवणाच्या दुपारी थोरल्या मामांनी मला सांगितलं, "त्याला सांगा, फुडच्या वर्षापासून गणपती माझ्या घरात. थोरला मी हाय." मामा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. त्यांनीही मलाच सांगितलं, "त्याला सांगा, पत्त्यावर ठरवू." अरे देवा! चक्क देवाला पत्त्यावर लावलं! मामी 'असलं काय नको' म्हणत मधे पडल्या. गणपती तिकडे गेला की मामा हट्टापायी भावाच्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाहीत आणि त्यांना दर्शनसुद्धा बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पैशांऐवजी चिंचोके मांडले. मी मामांच्या मागे बसलो होतो. त्यांनी पत्ते उघडले. तीन राण्या! समोर थोरल्या मामांचा अंगठा बघतो तर आडवा. गणपती राहिला म्हटलं! चाल, चाल, पुन्हा चाल. एवढ्यात थोरल्या मामांच्या विडीचा विस्तव तुटला तो नेमका त्या अंगठ्यावर पडला. अंगठा हलला नाही. विस्तव तिथेच विझला, आणि थोरले मामा आपले पत्त्यांत डोकं घालून!

"पॅक," मामा म्हणाले.

"अहो मामा!" मी ओरडलोच. तीन राण्या हो! हातचा देव घालवला! पण मामा चिंचोके उधळत पुढे सरकले होते. त्यांनी भावाचा पाय दोन्ही हातांत धरला. "दादा, चटका नाय बसला तुला?"

थोरले मामाही गोंधळले. "कसला चटका?" मामांनी अंगठा उचलून बघितला. खाली काळी पडलेली जखम होती.

"साखरेचा आजार हाय, पायाला काय समजत नाय," थोरले मामा पुटपुटले. "सांगनार कोनाला? तू बोलत नव्हतास."

"नि तू काय बोलत होतास?" मामा असे खेकसले की आतल्या बायका बाहेर आल्या. दोघांच्या डोळ्यांना धार लागलेली. तशीच रिक्षा काढून आम्ही महाड गाठलं. अंगठा काढावा लागला, पण पाय वाचला.

पॅक म्हणजे पॅक, शब्द तो शब्द. पुढच्या वर्षी मामांनी स्वतः गणपती डोक्यावर घेतला आणि थोरल्या मामांच्या दारात नेऊन उभे राहिले. थोरल्या मामींनी पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तरी मामांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडेना. थोरले मामा काठी टेकून समोर उभे.

मामा हळूच मला म्हणाले, "जावयबापू, दादाचं तोंड कसं दिसतंय ओ? मला काय दिसत नाय."

मी वळून मामांकडे बघितलं. दोन्ही हात मूर्तीला लागलेले, डोळे पुसणार कसे?

"तुमच्यासारखंच दिसतंय, मामा," मी म्हणालो. "चला आत."