पत्ता बोल, मग भाकरी

माझी थोरली आत्या बजाबाई हिनं सगळ्या जन्मात मुंबई पाहिली ती नऊ दिवस, आणि पुढं तीस वर्षं सोलापुरातून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला ती शिकवली. आता सात रस्ता म्हणतात त्याच्या अलीकडं तिची गिरणीकामगारांची खानावळ होती. कुणी मुंबईला निघाला की आधी तिच्याकडं यायचा, कारण तिच्या हातची कडक भाकरी पंधरा दिवस टिकायची. पण ती सुखासुखी मिळत नसे.

"कुटं उतरनार रं, धोंडप्पा?"

"मेव्हण्याकडं, आत्याबाई."

"त्यो कुटं ऱ्हातोय?"

"लिवलंय की कागदावर."

"कागुद भिजला मंजी? तोंडानं बोल."

धोंडप्पा एवढा थोरला मिशीवाला गडी, पण तिनं त्याला तीनदा पत्ता म्हणायला लावला. चौथ्यांदा तो चिडला. "मी काय साळंत आलोय व्हय?"

"साळंत गेलेलं मानूसच पयलं चुकतंय, बाबा," असं म्हणून ती माझ्याकडं बघायची आणि मी मान खाली घालून शेंगा कुटत राहायची. कारण ते शाळेत गेलेलं माणूस मी.

मी मराठी दुसरी शिकले. आमच्या घरात तेवढंही कुणी शिकलेलं नव्हतं, त्यामुळं मी पंडित. आत्या लवकर रांडावलेली, तिला एकच मुलगा, रामहरीदादा. तो मुंबईच्या गिरणीत कामाला होता आणि महिन्याला पत्र टाकायचा. ते मी वाचून दाखवायची, एकदा नाही, दहादा. उत्तर लिहिण्याइतकं माझं अक्षर धड नव्हतं, म्हणून ते खानावळीत जेवणारे आण्णा कारकून लिहायचे, आणि पत्ताही तेच उतरवून घ्यायचे.

एकतीस साली दिवाळीनंतर पत्रं थांबली. शिमगा आला तरी नाही. आण्णांनी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. आत्याच्या भाकरी करपायला लागल्या. जेवणाऱ्यांनीच सांगितलं, "आत्याबाई, तुमी जाऊनच या." वाचणारं माणूस सोबत पाहिजे म्हणून मला न्यायचं ठरलं. मी सोळा वर्षांची, लग्न झालेली. पण माझे यजमान तिच्याच खानावळीत जेवून मोठे झालेले, ते नाही कसे म्हणतील?

गाठोड्यात चाळीस भाकरी, शेंगाचटणी, जुंधळ्याचं पीठ. दादाचं शेवटचं पत्र तिनं दोन भाकरींच्या मध्ये ठेवलं, म्हणजे चुरगळायला नको.

बोरीबंदरला उतरलो तर म्हणाली, "पोराकडं पारोसं जायचं न्हाय. आन् म्या समुद्राला नारळ बोललीया." विचारत विचारत चौपाटीला गेलो.

समुद्र बघून आत्या उभीच राहिली. ती पलीकडचा काठ शोधत होती. "ह्याच्या पल्याड कुठलं गाव म्हनायचं गं?" मी म्हटलं, गाव नाहीच. तिला ते खरं वाटलं नाही. नारळ सोडला, बुडी मारली आणि तोंडात पाणी जाताच थू थू करत वर आली. "आगं बया! ह्यात काय कालवलंय?"

पण आम्ही सीना नदीची माणसं. नदीचं पाणी गढूळ असलं तर वाळूत हातभर खड्डा करावा, गोड पाण्याचा झिरा लागतो, हे आम्हाला पाळण्यातच कळतं. आत्यानं वाळू उकरली. पाणी लागलं, आणि तेही खारट! कपाळाला हात लावून ती त्या खड्ड्याकडं बघत राहिली. देवानं एवढं पाणी केलं आणि प्यायला ओंजळभर ठेवलं नाही, ह्याचा तिला देवाच्या वतीनं धक्का बसला होता.

मग आम्ही नदीवर करतो तेच केलं. दुसरी लुगडी नेसून ओली वाळूवर पसरली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर गाठोडं ठेवलं. पाणी तिथून शंभर पावलं लांब. वरच्या अंगाला भिंतीची सावली होती, तिथं जरा टेकलो. रात्रभर गाडीत डोळा लागला नव्हता, तो तिथं लागला.

आत्याच्या किंकाळीनं मी जागी झाले.

पाणी आमच्या पायापाशी आलं होतं. वाळू नाही, लुगडी नाहीत, गाठोडं नाही. जिथं आम्ही लुगडी वाळत घातली होती तिथं लाटा उसळत होत्या. आमच्याकडं नदीचं पाणी शिमग्याला मागं सरलं की ते मृगापर्यंत तोंड दाखवत नाही. वर आभाळ कोरडं, आणि पूर आला कुठून? मला वाटलं, मुंबई बुडाली. पण रस्त्यावरची माणसं खुशाल फिरत होती, एक जण चणे खात होता.

एक कोळीण पाटी घेऊन चालली होती, ती हसायलाच लागली. "कुठल्या गो तुम्ही? भरती हाय ती. रोज दोनदा येते नि दोनदा जाते."

"रोज?" आत्या म्हणाली. "आन् कुनी सांगत न्हाय व्हय?"

"आता गो कोनी सांगायचं? गाठोड्यान सोनं व्हतं का?"

"माज्या पोराचं घर हुतं त्यात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पत्र गेलं होतं.

आत्या मात्र माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "जाऊंदे. भाकरी गेल्या तर गेल्या. तू पत्ता सांग."

मी मान खाली घातली. "मला नाही ठावा, आत्या."

"आसं कसं? धा-धा बारी वाचलंस की!"

आता सांगायलाही लाज वाटते. पत्ता पत्राच्या वरच्या कोपऱ्यात असायचा, आणि मी दर वेळी तो सोडून खाली 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार' इथून सुरुवात करायची. वरचं ते काय वाचायचं, ते टपालवाल्यासाठी, असं मला वाटे. डोळ्यांखालून दहादा गेलेलं, पण तोंडानं एकदाही म्हटलेलं नाही, मग ते राहणार कुठं?

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. समुद्र बघून बसला नव्हता एवढा धक्का तिला ह्याचा बसला. "मंजी, नमस्काराच्या वर बी काय आसतंय?"

मी रडायला लागले. ती भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले, आणि दादाचं पत्र म्हणायला लागली. अक्षरओळख नसलेली बाई! मी वाचलेलं सगळं, नमस्कारापासून आशीर्वादापर्यंत, तिला जसंच्या तसं पाठ होतं. एक पत्र संपलं की दुसरं. "आमच्या खोलीखाली घोड्यांचा तबेला आहे, टापांनी झोप येत नाही." इथं ती थांबली. पुढच्या पत्रात, "समोर मारुती आहे, त्याचा एक कान तुटका आहे." पुन्हा थांबली. मग उठून पदर खोचला. "चल. तबेल्याचं घोडेवाल्याला इचारू."

रस्त्यावर व्हिक्टोरिया उभ्या होत्या. एक म्हातारा गाडीवान घोड्याला पाणी पाजत होता. आत्यानं आपलं सोलापुरी हिंदी काढलं. "भाईजान, गिरनी के बाजू में घोडे बांधते, उपर मानसं ऱ्हाते, ऐसा कुटं है?"

"ऐसे तीन तबेले हैं, अम्मा."

"सामने मारुती किसके?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "एक के."

"कान टूटा?"

"कान कौन देखता है, अम्मा? जाके देखो." आणि त्यानं वाट सांगितली.

उन्हातान्हात चालत गेलो. गिरण्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या, मग घोड्यांचा वास आला. मारुती आधी आत्यालाच दिसला. तिनं जवळ जाऊन त्याच्या तुटक्या कानावर हात ठेवला, नमस्कारसुद्धा केला नाही, सरळ समोरच्या जिन्याकडं धावली.

दार दादानंच उघडलं. वाळला होता, दाढी वाढलेली. आम्हाला बघून तो दारातून बाजूला झाला. आत्या आत बसली, धापा टाकत म्हणाली, "पानी दे आदी. हितं पानी गोड हाय न्हवं?"

त्यानं माठातून तांब्या भरला आणि आईसमोर धरला. डाव्या हातानं.

आत्यानं तांब्या घेतला नाही. "आईला डाव्या हातानं पानी देतूस? मुंबईनं रीतभात बी इसरायला लावली का रं?"

दादाचा उजवा हात सदऱ्याखाली होता. त्यानं तो हळूच बाहेर काढला. अंगठा होता. बाकी चार बोटं नव्हती. दिवाळीनंतर यंत्राच्या पट्ट्यात गेली होती.

खाली घोडे पाय आपटत होते.

"लिवायचं कशानं, आये?" दादा म्हणाला. "आन् दुसऱ्याकडनं लिवून घ्यायचं तर त्याला काय सांगून लिवायला लावू?"

मला वाटलं आत्या हंबरडा फोडेल. तिनं त्याच्या डाव्या हातातला तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्याली. मग विचारलं, "जेवतूस कसा?" आणि त्या रात्री तिनं त्याला लहानपणी भरवायची तसं भरवलं. तो सव्वीस वर्षांचा होता. त्यानं नको म्हटलं नाही.

नवव्या दिवशी त्याला घेऊन आम्ही सोलापूरला परतलो. पहिल्या पंगतीला दादा वाढायला उभा राहिला, तेव्हा एकानं ताट मागं ओढलं, "डाव्या हातानं वाढतोय की." आत्या चुलीपासून ओरडली, "त्याचा उजवा हात त्योच हाय. जेवायचं तर जेव." तो जेवला. पुढं दादा डाव्या हातानं लिहायलाही शिकला, माझ्यापेक्षा बरं.

आत्या अंथरुणाला खिळली, त्या सुमारास माझा धाकटा नोकरीसाठी मुंबईला निघाला. भाकरी न्यायला आला, तर ती पडल्या पडल्या म्हणाली, "बोल." त्यानं चाळीचं नाव, खोलीचा आकडा, गल्ली, सगळं न अडखळता म्हटलं. भरती दोनदा येते हेही न विचारता सांगितलं. मला वाटलं झालं. पण आत्यानं मान माझ्याकडं वळवली.

"आता तू बोल."

मी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पुरतं म्हणून झालं, तेव्हा तिनं भाकरीच्या टोपल्याकडं बोट केलं.