मूठभर बिट

आमच्या जळगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे एक भाऊ आहेत. माउस मागितला की एक सही, कीबोर्ड मागितला की दुसरी. दोन्ही एकदम कधीच देत नाहीत. कुणी कुरकुर केली, की "नियम शे भाऊ" एवढंच अहिराणीत म्हणतात.

माझं प्रोजेक्ट म्हणजे दाबून लहान केलेली फाइल पुन्हा उलगडणारा प्रोग्राम. तो इतका हळू चालायचा की आमच्या सरांनी बजावलं होतं, "बाहेरच्या परीक्षकांसमोर हे असंच रांगलं, तर नापास." आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला जेवण जाईना.

भाऊ टेबलं पुसत होते. माझ्या पडद्याकडे बघून थांबले.

"एकेका बिटसाठी, एकेका शून्य नाहीतर एकसाठी, दर वेळी फाइलपुढे हात पसरतोस? एकदम चौसष्ट उचल, मुठीत ठेव, लागतील तसे सोड. मूठ रिकामी होत आली की पुन्हा भर."

"भाऊ, तुम्हाला कसं ठाऊक?"

"इतकी वर्षं पोरांच्या चुकाच बघतोय. कीबोर्ड घेतलास ना? सही कर."

त्याच दुपारी प्रोग्राम तसा बदलला, आणि फाइल बघता बघता उलगडली. परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "ही युक्ती कोणाची?" भाऊ त्यांच्यापुढे चहा ठेवत होते. मी अडखळलो, आणि म्हणालो, "माझी, सर."

पास झालो. बाहेर येऊन भाऊंची माफी मागू लागलो, तर तेच समाधानाने म्हणाले, "बरं केलंस. माझं नाव घेतलं असतंस, तर त्यांना त्यात चूक सापडली असती."