सुक्या बोंबलांचं पोतं

वादळ येणार म्हणून आम्ही बोरिवलीत खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होतो. तेवढ्यात आमच्या इमारतीच्या फाटकाशी रोज बसणारी मासळीवाली सुक्या बोंबलांचं पोतं घेऊन दारात आली. तिची-माझी ओळख घासाघिशीपुरती.

"पावसाळ्याचा माल हाय. तुझं घर पक्कं, तुझ्याकडं ठेव."

"मग तुम्हीही थांबा ना, मावशी."

ती पदर खोचून जिना उतरायला लागली. "बोंबील भिजला की गेला. माणूस वाळतो."

दुसऱ्या दिवशी ती आली, आधी पोत्यात हात घातला, वास घेतला आणि हसली.

"घर?" मी विचारलं.

"पत्रे उडाले," म्हणत तिने मूठभर बोंबील माझ्या ओंजळीत ठेवले.

ते परत द्यावेत की तिला आत बोलवावं, मला कळेना. तोवर ती पोतं डोक्यावर घेऊन खाली उतरली होती.