पोचपावतीवरचे ‘करीता’

महोदय,

भुताखेतांची गोष्ट कोणी काढली की मी एकच प्रश्न विचारत आलो — लेखी पुरावा आहे काय? आज तसा कागद माझ्याच फाइलीत आहे, आणि त्या कागदामुळे मला एका जागी बसवत नाही.

मी सापगावचा, तालुका शहापूर. माझा धाकटा भाऊ वसंत श्रावणात वारला. अविवाहित, मृत्युपत्र नाही. त्याच्या मिळकतीचा कारभार पाहण्याचा अधिकार मिळावा, म्हणून मी वारस दाखल्याच्या अर्जाची तयारी करीत होतो. कायद्याने वारस दोघे — मी आणि बहीण सुमन. सुमनने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले, तेव्हा वडिलांनी तिचे नाव टाकले. आईवडील गेल्यावरही मी ते उचलले नाही.

वकील म्हणाले, तिला रजिस्टर नोटीस पाठवा. पत्ता न सापडून परत आली, तर ‘ठावठिकाणा अज्ञात’ असे प्रतिज्ञापत्र करता येईल. मी पाकिटावर तिचे नाव आणि ‘टोकावडे, तालुका मुरबाड’ एवढेच लिहिले. वाडीचे नाव चौकशी केली असती तर कळले असते. मी केली नाही... हे इथे लिहून देतो.

आठव्या दिवशी पोचपावती आली. सहीच्या जागी — ‘सुमन करीता, वसंत’.

दुसऱ्याचे पत्र घेताना ‘करिता’ लिहावे, ही शिस्त वसंताला मीच लावली होती. “दादा, यम आला तरी तू त्याची पोच घेशील,” असे तो हसायचा. पण ‘रि’ची वेलांटी त्याने जन्मभर दीर्घच काढली, आणि मी जन्मभर लाल शाईने ती दुरुस्त केली. पावतीवरही ती दीर्घच होती.

ही लबाडी कोणाची? टपाल खात्यास दोन पानी तक्रार लिहिली. ती टाकण्याइतकाही धीर धरवेना. एसटीने मुरबाड गाठले, तिथून टोकावडे. रागाच्या भरात पोस्टमनच्या पुढ्यात वसंताचा फोटो आपटला.

“हाच की,” तो म्हणाला. “दर भाऊबीजेला येतो ना सुमनबायकडं. ती शेतावर गेलेली, हा ओटीवर बसलेला. बोलला, आण, मी देतो तिला.”

दर भाऊबीजेला! मला तो सांगायचा — तानसाला मित्राकडे जातो. तक्रार खिशातच राहिली.

वाडीवर सुमन भात पाखडत होती. पत्र तिला ओटीवर, रिकाम्या सुपात सापडले होते. कोणी ठेवले, तिने पाहिले नव्हते. भाऊ गेल्याचे तिला त्या नोटिशीतूनच कळले. मी काहीतरी कायद्याचे बोलू लागलो. तिने हात थांबवला नाही.

“दादा, भाऊबीजेला तू येशील का, ते मी इचारत नाय. कागदावर माजं नाव लिवशील का, तेवडं सांग.”

मी तिथेच, ओटीवर बसून लिहिले — वारस क्रमांक दोन, वाडीच्या नावासह पूर्ण पत्ता. आता अर्ज दोघांच्या सहीने जाईल.

पोचपावती मात्र जोडलेली नाही. मयताच्या मिळकतीच्या अर्जाला मयताचीच नंतरची सही कशी जोडावी? आजवर मी पुष्कळांकडून लेखी खुलासे मागवले. हा कोणाकडे मागावा, ते सुचत नाही. रोज सकाळी ती वेलांटी दुरुस्त करायला लाल पेन घेऊन बसतो... आणि तसाच उठतो.